झडपेमागे

आवाज अगदीच बारीक झाला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला पेला फरशीवर पडावा, तसा. नुहाने लोखंडी झडप ओढून घेतली, कडी सरकवली, आणि मग तो आवाज तिच्यापर्यंत आला. हात आधी, कान मागून. केस अजून ओले होते. बिनवासाच्या साबणाने न्हाऊन, नमाज पढून, हजची नियत करून ती नुकतीच उठली होती आणि घर काही दिवस बंद राहणार म्हणून एकेक खिडकी लावत फिरत होती. ही शेवटची, झोपायच्या खोलीतली. तिने कडी परत काढली, झडप बोटभर ढकलली. खालच्या मजल्यावरच्या एसीच्या पत्र्यावर एक पिवळा डाग पसरत होता, उन्हाने त्याच्या कडा आत्ताच वाळायला लागल्या होत्या. झडपेच्या फटीत काड्या, तारेचा एक तुकडा, तान्ह्या लयानच्या दुपट्याचा निघालेला गुलाबी दोरा असं काहीबाही अडकून लोंबत होतं. कबूतर दिसलं नाही. वर गच्चीकडे कुठंतरी पंखांची फडफड तेवढी चालू होती. कबुतरं दोन अंडी घालतात, हे तिला माहीत होतं. डाग एकच होता. वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. ती वाकली नाही. झडप तशीच अर्धवट सोडून तिने आतली काच ओढली, तेवढ्यात जिन्यातून नवऱ्याची, तलालची, हाक आली, "नुहा, अगं बस काय आपल्यासाठी थांबणारेय?" आणि ती "आले, आले" म्हणत निघाली. काही झालंच नाही अशा आवाजात. तो आवाज कुठून आला, कुणास ठाऊक.

मक्केतल्या पोराला चालायला यायच्या आधी कळतं, की कबुतराला हात लावायचा नाही. इथं गाड्या कबुतरांसाठी थांबतात, फळवाल्याच्या टोपलीत ती बसली तर फळवाला हात जोडल्यासारखा उभा राहतो. हरमच्या, म्हणजे काबाभोवतीच्या पवित्र, हद्दीत झाडाची फांदी मोडायची नाही, पाखरू उठवायचं नाही. आणि एहरामात, म्हणजे हजच्या व्रतात, असलेल्याने तर नाहीच नाही. नुहा लहानपणी भावाशी भांडताना म्हणायची, "तू काय हरमचं कबूतर लागून गेलास, तुला हात नाही लावायचा ते?" आणि आता नियत करून केस वाळायच्या आत तिने. पण तिने काय? हा प्रश्न तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. तिला अंडी आहेत हे माहीत होतं का? रात्री, लयानला पाजताना, अर्ध्या झोपेत तलाल काहीतरी बोलला होता. "झडपेला हात लावू नकोस, मागे घरटं आहे," असं. की ते तिने स्वप्नात ऐकलं होतं? त्या महिन्यांत झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पडूनच गेली होती.

दारात उम्मी, तिची आई, उभी होती, लयानला खांद्यावर टाकून. उम्मीचं घर पलीकडच्याच गल्लीत. खालच्या मजल्यावरची इनायत खाला पण बाहेर आली होती, हाताला कणीक तशीच. "वल्लाह, काळीज लागतं हो," खाला म्हणाली, "दूधपीतं लेकरू मागे टाकून अल्लाहच्या दारात जायला. सांगा जरा माझ्या सुनेला. ती चार दिवस माहेरीसुद्धा जात नाही पोरं सोडून."

"तुझी सून माहेरी जात नाही, कारण तिची आई तिला कामाला लावते," उम्मी म्हणाली. मग नुहाकडे वळून हळूच, "माझ्यासाठी माग. गुडघ्यांचं नको, गुडघे जाऊ देत. तुझ्या भावाचं माग. आणि रडू नकोस, हिचं मी बघते."

नुहा रडत नव्हती. तिने लयानच्या टाळूवर ओठ टेकले, तिथं तो ताज्या पावासारखा कोमट वास होता. आणि जिन्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपले पाय हलके झालेत. परीक्षा संपल्यावर पोरीचे होतात तसे. तिला स्वतःची भीती वाटली. हजचा परवाना निघाला त्या दिवशी तलालने विचारलं होतं, "जायचं, पण लयानचं..." आणि तो 'लयानचं काय' म्हणेपर्यंत ती बोलून गेली होती, "उम्मी आहे ना." सगळ्या घराने त्याला भक्ती म्हटलं. कुणालाही ठाऊक नव्हतं, की दुपारी लयान रडायला लागली की नुहा कधीकधी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडते आणि पाण्याच्या आवाजाखाली उभी राहते, हात ओट्यावर टेकून. फार वेळ नाही. पण उभी राहते. पाणी वाहत असतं, आणि ती कुणाचीच नसते. मग नळ बंद करते आणि धावत जाते, आणि लयानला इतकं घट्ट धरते की ती आणखी रडते.

बसमध्ये तिला चेहरा कुठं ठेवावा कळेना. लग्नाच्याही आधीपासून नकाबाशिवाय ती रस्त्यावर आली नव्हती, आणि एहरामात बाईने चेहरा झाकायचा नसतो. हनुवटीला लागणारा वारा तिला परक्या माणसाच्या बोटांसारखा वाटला. शेजारी पांढऱ्या दोन कापडांत तलाल बसला होता, उघड्या खांद्याचा, एकदम पोरगेला दिसणारा. सगळी बस म्हणत होती, लब्बैक, अल्लाहुम्मा लब्बैक. आलो, देवा, आलो, हजर आहे. त्यात तिचाही आवाज होता आणि प्रत्येक 'हजर'ला तिला झडपेची कडी सरकल्यासारखी ऐकू येत होती. हजला निघताना माणूस मेल्यासारखा निघतो म्हणतात, सगळं फेडून, सगळ्यांची माफी मागून. तिने सासूची मागितली, बहिणीची मागितली, शाळेतल्या एका मैत्रिणीची फोन करून मागितली. सहा महिन्यांच्या पोरीची माफी कशी मागतात?

मक्केबाहेर, मिनाच्या तंबूत बायकांच्या गाद्या एकीला एक चिकटून होत्या. नुहाच्या डाव्या हाताला आली हाजा बतूल, सुदानची, जेद्द्यात एका शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य गेलेली, देहाने अशी की तिची गादी ओलांडून ती थोडी नुहाच्या गादीवरही असे. "पोरी, मी घोरते," तिने आधीच सांगून टाकलं. "नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, मालगाडी गेली. आता तो नाही, पण गाडी वेळेवर आहे." मग बोलता बोलता तिला कळलं की नुहा मागे तान्हं ठेवून आलीय, आणि तिने दोन्ही हात छातीवर मारले. "अशा बाईची दुआ परत जात नाही! ऐकलंत का गं?" तिला स्वतःला लेकीसाठी दुआ हवी होती. तंबूतल्या बायका एकेक करून आल्या. एकीला मुलाची नोकरी हवी होती. एकीची जाऊ तिच्याशी बोलत नव्हती. एक नवी नवरी काही न बोलता नुसता हात दाबून गेली, आणि तेच सगळ्यांत जड होतं. नुहा प्रत्येकीला मान हलवत राहिली. दुसऱ्याच्या लग्नातले दागिने चुकून आपल्या अंगावर चढवलेत आणि आता ओळखून कोणीतरी हाक मारणार, असं तिला होत होतं.

तिसऱ्या प्रहरी एक धर्मशिक्षिका तंबूतंबूतून फिरत प्रश्न घेत होती, तरुण, घाईतली, घसरता चष्मा सारखा सावरणारी. नुहा बायकांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेली आणि एका दमात म्हणाली, "नियत केल्यावर कबुतराचं अंडं फुटलं तर?"

"कुणाकडून?"

"एका बाईकडून."

शिक्षिकेने चष्मा वर केला. "अंड्याची भरपाई त्याच्या मोलाएवढी. मूठ-दोन मुठी धान्य गरिबाला द्यायचं, झालं. हज मोडत नाही." मग सवयीने पुढचा प्रश्न, "मुद्दाम केलं की चुकून?"

नुहा मनगटावरचा यात्रेकरूंचा पट्टा फिरवत राहिली.

"भरपाई तशी सारखीच," शिक्षिका म्हणाली, "पण मुद्दाम असेल तर तौबा वेगळी. त्या बाईला विचारा." आणि ती पुढच्या हाताकडे वळली, जिथं कुणालातरी नख तुटल्याचं विचारायचं होतं.

त्या बाईला विचारा. नुहा परत आपल्या गादीवर येऊन पडली आणि त्या बाईला विचारत राहिली. सगळी इबादत, सगळी उपासना, नियत कशी यावर उभी, हे शाळेच्या पहिल्या पुस्तकात असतं. मनात काय होतं, तेवढंच मोजलं जातं. पण मनात काय होतं हे बघायला गेलं की तिथं कुणीच नसे. एक हात असे, झडप ओढणारा. तो हात रागात होता का? कबुतरांच्या घाणीवरून ती चिडली होती हे खरं, लयानची झबली परत धुवावी लागत. तो हात थकलेला होता का? तो हात घाईत होता, कारण घर बंद करायचं होतं, कारण निघायचं होतं, कारण तिला निघायचं होतं. असं ती गोल फिरून पुन्हा जिन्याशी यायची, त्या हलक्या पायांशी. मग ती अल्लाहकडे आलीय की लयानपासून गेलीय? बाहेरून बघणाऱ्याला रस्ता एकच दिसतो.

दुसऱ्या दिवशी अरफात. तिथं पोचल्यावर आधी डोळ्यांत भरतात ती कडुलिंबाची झाडं, आणि मग माणसं, इतकी की डोंगरच पांढरा दिसतो. नुहाने हा दिवस नेहमी दुसऱ्या बाजूने पाहिलेला. अरफातच्या दिवशी मक्का रिकामी होते, पुरुष सगळे हाजींच्या सेवेला गेलेले, आणि शहरातल्या बायका पोराबाळांना घेऊन, थर्मास आणि खजूर घेऊन हरममध्ये जातात. एरवी जिथं मुंगीला वाट नसते, तिथं त्या दिवशी पोरं धावतात. लहानपणी नुहाला वाटायचं, हज म्हणजे हेच, बाकीचे सगळे निघून गेल्यावर उरलेली थंड फरशी आणि उम्मीच्या मांडीवरचं डोकं. आज ती त्या 'बाकीच्यां'मध्ये होती. खुतब्याचं प्रवचन झालं, दुपारच्या जोड नमाजा झाल्या, आणि मग अचानक करायला काहीच उरलं नाही.

"आता काय करायचं असतं?" तिने हाजा बतूलला विचारलं.

"काही नाही. थांबायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे थांबायचं, बाई. बसून, उभं राहून, कसंही. मागायचं, रडायचं, घाम पुसायचा. पण सूर्य बुडेपर्यंत इथून हलायचं नाही. हज म्हणजे अरफात, आणि अरफात म्हणजे थांबणं." तिने प्लास्टिकच्या पंख्याने स्वतःला वारा घातला, मग नुहाला. "सोपं वाटतं ना? मागच्या खेपेला माझी बहीण ऊन सोसेना म्हणून चारदा बसमध्ये जाऊन बसली. तिला माणसं सोसत नाहीत, ऊन कुठलं सोसायला."

फोन वाजला. उम्मीचा. मागे तो ओळखीचा घुमणारा रिकामेपणा. ती हरममध्ये होती. "हिला आणलंय बघ," उम्मी ओरडून बोलत होती, जणू फोन नव्हताच आणि तिला थेट अरफातपर्यंत हाक मारायची होती. "काबा दाखवला. टकामका बघत होती. पण बाटली घेईना गं सकाळपासून. थुंकून टाकते. जरा बोल हिच्याशी, आवाज ओळखेल." आणि मग तो आवाज आला. लयानचं रडणं, आधी चढत जाणारं, मग श्वास अडकून शांत, मग पुन्हा. त्या मधल्या शांततेत नुहाचा हात उठला, कानाशी, बोट लाल खुणेवर गेलं. "उम्मी, ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "इथं गर्दीत लागत नाही नीट." आणि फोन बंद केला.

एहरामात, अरफातच्या मैदानात, ती आईशी खोटं बोलली होती. आणि या वेळी हात आधी नव्हता. या वेळी तिने स्वतःला बघितलं होतं, अगदी स्वच्छ, बोट उचलताना. कुणी नळ सोडतं तसं.

ऊन कलायला लागलं तशा बायका तंबूबाहेर येऊन किब्ल्याकडे, काबाच्या दिशेला, तोंड करून उभ्या राहिल्या. नुहा कडुलिंबाच्या एका झाडाशी उभी राहिली. हात वर केले. आधी दुसऱ्यांचं मागून घेतलं, भावाचं, नोकरीचं, जावेचं, नवरीचं न बोललेलं. ते सहज आलं. मग आपलं राहिलं. चुकून झालं, माफ कर, असं म्हणावं तर ते खोटं निघालं तर? मुद्दाम केलं, माफ कर, म्हणावं तर तेही कशावरून खरं? पश्चात्तापसुद्धा कुठल्या दाराने आत घ्यायचा ते ठरेना. आजूबाजूला बाया हमसून रडत होत्या, आणि ती हात वर करून नुसती उभी होती, बसथांब्यावरच्या माणसासारखी. तिला निघून जावंसं वाटलं. तंबूत, बसमध्ये, कुठंही. ती निघाली नाही, एवढंच. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तिच्या अंगातून एक ओळखीची सणक गेली, दोन्हीकडून, आणि काळा अबाया पुढून ओला झाला. जवळपास कुठलंही मूल रडत नव्हतं. तिने लयानची आठवणही काढली नव्हती. मुद्दाम की चुकून, असं विचारायला दूध थांबलं नव्हतं. तिचे हात खाली आले नाहीत. ती म्हणाली, "मला नाही कळत. तू बघ." तिची सगळी दुआ एवढीच झाली, आणि तीही तिला पुरेशी वाटली नाही.

हाजा बतूलने आपला ओढणीएवढा रुमाल काढून तिच्या छातीशी खोचला. "राहू दे, धू आणि सांभाळून ठेव," ती म्हणाली. "माझ्या लेकीसाठी मागितलंस ना?" नुहा विसरली होती. तिने परत हात वर केले.

रात्रीच्या मुक्कामाला मुजदलिफाच्या बसकडे जाताना गर्दीत तलाल भेटला, डोळे सुजलेले, ओठ फाटलेले. नुहाने त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि प्यायच्या आधीच विचारलं, "परवा रात्री तू मला सांगितलं होतंस ना, झडपेला हात लावू नको म्हणून? घरट्याचं?"

"मी?" तो हसला. "मला कुठलं माहीत? तूच दाखवलंस की मला. मागच्या आठवड्यात. लयानला कडेवर घेऊन उभी होतीस खिडकीत, तिला दाखवत होतीस. 'ही बघ आई बसलीय,' म्हणून. मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलंस. विसरलीस?"

ती विसरली होती. तिने ती दुपार मनात शोधली, सगळे कोपरे चाचपले, ती नव्हतीच. तिथं उन्हाचा एक चौकोन नव्हता, लयानचा भार नव्हता, काहीच नव्हतं. तिच्या आयुष्यातली एक गोड दुपार दुसऱ्याच माणसाकडे ठेव म्हणून राहिली होती. "का गं?" तलालने विचारलं. "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली आणि लगेच, "नाही, झालंय. सांगते," आणि चालता चालता, धक्के खात, तिने त्याला अंड्याचं सांगितलं. फोनचंही सांगितलं. नळाचं सांगायला तोंड उघडलं आणि तिथं मात्र ती अडली. गर्दीचा लोट आला तेव्हा त्याने तिच्या अबायाची बाही घट्ट धरली, बोटांत पीळ घालून, आणि बस येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सैतानाला खडे मारून झाले, केसांची टोकं कापून झाली, आणि ते मक्केत तवाफाला आले. काबाभोवतीच्या सात फेऱ्यांनंतर सफा आणि मरवा. या दोन टेकड्यांमधून हाजरा, एका पैगंबराची बायको, पाणी शोधत धावली होती, वाळूत तहानेलं पोर ठेवून. नुहाने ही गोष्ट झोपताना ऐकली होती, पुढे लयानलाही ती सांगणार होती. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुष धावायला लागले, तलालही गेला पुढे, खांदे उडवत. बायका तिथं धावत नाहीत, चालतात. धावली बाई, आणि तिच्या आठवणीने धावायचं पुरुषांनी. चालता चालता नुहाला प्रथमच वाटलं, ती पाण्यासाठी धावली हे खरं, पण ते रडणं ऐकवेना म्हणूनही धावली असेल. एखाद्या फेरीला मरवावर उभं राहून, पलीकडे उघडं वाळवंट बघून, तिला एकदा तरी वाटलं असेल का, की असंच पुढे जावं? नुहा दचकली. हे मनात आणणाऱ्याची आज, इथं, जीभ झडली पाहिजे. पण पाय चालत राहिले. सफाकडून मरवाकडे, मरवाकडून सफाकडे. प्रत्येक फेरीला ती वळलीच होती.

संध्याकाळी मिनाला परत जायचं होतं, त्याआधी अंघोळीपुरते ते घरी आले. उम्मी लयानला घेऊन दारातच होती. फुटलेल्या अंड्याचं, द्यायच्या धान्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. "बघ, आई आली," ती लयानला म्हणाली. "हाडकं राहिलीत माझ्या बाहुलीची. बाटलीला शिवली नाही. चमच्याने पाजलं मी, चमच्याने. घे हिला."

"आले," नुहा म्हणाली, आणि आधी आत गेली. झोपायच्या खोलीत. काच सरकवली. उन्हाची झळ तोंडावर आली. झडप तशीच अर्धवट होती. फटीत कबूतर बसलेलं होतं. अंग फुगवून, मान आत ओढून, त्या चार काड्यांवर आणि गुलाबी दोऱ्यावर. नुहाचा चेहरा त्याच्यापासून हातभर होता, तरी ते उडालं नाही. लाल, गोल डोळा तिच्यावर रोखून बसून राहिलं. त्याच्याखाली दुसरं अंडं होतं, की काहीच नव्हतं, हे कळायला त्याला उठवावं लागलं असतं. नुहा बघत राहिली. मागे लयानचा रडण्याचा आवाज जवळ येत गेला, तिच्या अंगात पुन्हा ती सणक भरली. तिने काच हळूच ओढली, झडपेला हात न लावता, आणि वळली.

पलंगावर बसून तिने लयानला घेतलं, छातीशी लावलं. लयानने तोंड फिरवलं. तिला हा वास ओळखीचा नव्हता. धूळ, घाम, हाजा बतूलच्या रुमालाचा लवंगेचा दर्प. तिने पाठीची कमान केली, मुठी आवळल्या आणि रडली, आईच्या तोंडावर, सगळ्या ताकदीने. दूध तिच्या गालावरून ओघळत होतं आणि ती घेत नव्हती.

"दे इकडे, मी शांत करते," उम्मी म्हणाली. "मग घेशील."

"नको."

"अगं, ओळखत नाही ती अजून."

"ओळखेल."

खालून तलालची हाक आली, बस उभी होती. उम्मी खिडकीकडे गेली, "आधी ही झडप तरी लावून घेते, सगळी धग आत येतेय..."

"उम्मी, हात लावू नकोस," नुहा म्हणाली. "तिथं कुणीतरी बसलंय. आणि तलालला म्हणावं, थांब."

लयान रडत होती. नुहा थांबली.